उसनवारीच्या कपाटातली सात नंबर

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ‘सदर्न पेट्रेल’ या जहाजाच्या पाचव्या डेकवर, मोठ्या भोजनगृहाच्या दारात, एका प्रवाशाला आत जाण्यास मनाई करण्यात आली. प्रवाशाचे वय बहात्तर. अंगात पांढरा शर्ट, टाय आणि काळा कोट, पायांत चामडी सँडल. पँटच्या जागी फिजीचा काळा सुलू, म्हणजे कमरेपासून पोटरीपर्यंत येणारा सरळ घेराचा कपडा. जहाजाने सिडनीचा धक्का सोडून दोन तास झाले होते. मनाई करणाऱ्याच्या डाव्या हातात एक हँगर होता आणि त्या हँगरवर मी होते.

मित्रांनो, मी एक जुनी काळी पँट आहे. माझा नंबर सात. भोजनगृहाच्या दाराशेजारी भिंतीत एक अरुंद कपाट आहे. जहाजावरचे लोक त्याला उसनवारीचे कपाट म्हणतात. दारावर पाटी आहे : ‘पुरुषांनी लांब पँट घालावी. पोहण्याचे, ओले किंवा कमरेला गुंडाळलेले कपडे चालणार नाहीत.’ प्रवासात दोन संध्याकाळी कोटही लागतो. सुट्टीवर आलेली माणसे पाट्या वाचत नाहीत. ती चड्डीवर येतात. त्यांना परत पाठवले तर रुसतात. म्हणून त्यांना तासाभरासाठी आम्ही दिल्या जातो.

माझा जन्म फिजीमधला. सुवा शहरात वातुवाका नावाचा भाग आहे. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ऑस्ट्रेलियातल्या हॉटेलांसाठी आणि जहाजांसाठी गणवेश शिवले जात. लांबलचक टेबलावर काळ्या कापडाचे तीस थर एकावर एक अंथरत आणि वरून पाते फिरवत. मला कोणी कापले ते मी पाहिलेले नाही. मी मधल्या थरात होते. पुढे एका बाईने मला टीप मारली, दुसरीने चेन लावली, तिसरीने नेफ्यात रबर भरले. रबर यासाठी की मी चौतीस कमरेपासून बेचाळीसपर्यंत कोणालाही बसावे. आम्ही बारा बहिणी एका खोक्यातून सिडनीला आलो आणि जहाजावर चढलो. त्याला अकरा वर्षे झाली.

या अकरा वर्षांत मी किती पायांवर चढले त्याची गणती नाही. टाउन्सव्हिलच्या एका ऊसवाल्याने मला गुडघ्यापर्यंत दुमडून घातले आणि दारातून आत गेल्यावर उलगडले. एक शाळामास्तर माझ्या खिशात लोण्याची वडी विसरले. एकदा एका नवरदेवाची बॅग विमानतळावरच राहिली, तेव्हा त्याचे लग्न माझ्यातच लागले. त्याच्या बायकोने उतरताना मला हात लावून म्हटले, “थँक यू हं, बाई!” माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी तीच. एरवी उसन्या कपड्याला कोण विचारते? बीटचा रस सांडला तरी सांगत नाहीत. माझ्या डाव्या पायाची खालची दुमड दोन महिने उसवलेली होती आणि रोज कोणी तरी तिच्यात टाच अडकवून ठेचकाळत होते.

अकरा वर्षांत मला कोणी नको म्हटले नव्हते. कुरकुर केली, हसले, पण शेवटी घातले. रविवारी पहिल्यांदा नकार ऐकला.

दारावर श्री. क्विल्टी उभे असतात. फ्रीमँटलचे, सतरा वर्षे याच दारावर. ते आवाज चढवत नाहीत.

“सर, आत पँट लागते. ही सात नंबर तुम्हाला बसेल. शेजारीच खोली आहे, बदलून या.”

“पँट मी घालत नाही,” ते प्रवासी, इलाइतिया आजोबा, म्हणाले. “मी कपडे घालून आलोय.”

“सर, कमरेला गुंडाळलेलं चालत नाही. पाटीवर आहे.”

“हे गुंडाळलेलं कुठाय?” आजोबांनी दोन्ही हात सुलूच्या खिशांत घातले आणि तसेच उभे राहिले. “गुंडाळलेल्याला खिसे असतात का?”

क्विल्टी साहेबांची चूक काय ते नीट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरून घडले. आमचे जहाज फिजीला लागले की प्रवासी किनाऱ्यावर जातात. तिथल्या बाजारातून फुलाफुलांचे सुती कापड विकत घेतात आणि ओल्या अंगावर गुंडाळून जहाजावर परततात. त्याला ते सुलू म्हणतात. तसे ते म्हणण्यात खोटे काही नाही. तो नेसायचा सुलू. फिजीची माणसे तो घरात नेसतात, अंघोळीनंतर नेसतात. पण दुसरा एक सुलू असतो. तो शिंप्याकडून मापाने शिवून घेतात, त्याला पट्टा असतो, खिसे असतात. तो नेसत नाहीत, घालतात. चर्चला घालतात, लग्नाला घालतात, कचेरीत आणि कोर्टात घालतात. क्विल्टी साहेबांनी सतरा वर्षांत फक्त पहिला पाहिला होता.

“सर, सुलू म्हणजे सुलू,” ते म्हणाले.

“आणि पँट म्हणजे?”

“पँटला दोन पाय असतात.”

“माझेही दोनच आहेत,” आजोबा म्हणाले. मागच्या रांगेत कोणी तरी हसले.

आता यात अडले कोणाचे, ते सांगायला हवे. भोजनगृहात डाव्या खिडक्यांजवळची अकरा टेबले मकेरेता सांभाळते. ती इलाइतिया आजोबांची मुलगी. सात वर्षांपूर्वी ती या जहाजावर रुमालांच्या घड्या घालायला लागली, मग ताटे वाहायला आणि या मार्च महिन्यात ती अकरा टेबले तिच्या नावावर झाली. नोकरीच्या कराराच्या मुदतीत आईवडिलांना एकदाच जहाजावर आणता येते. ते दोघे सिडनीला मुलाकडे आले होते आणि आता घरी, सुवाला निघाले होते. शनिवारी सकाळी सुवा. म्हणजे हातात एकूण सहा संध्याकाळी. त्यांतली एक आजोबांना मुलीच्या टेबलावर हवी होती आणि ती सुलू घालून हवी होती. एवढेच.

त्या रविवारी मकेरेता आतून दारापर्यंत आली. हातात पाण्याची सुरई तशीच होती.

“बाबा, एक तास. फक्त एक तास घाला ना ती.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. “तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी सुलूत होतो. तुझ्या भावाचं लग्न लागलं तेव्हा सुलूत होतो. माझ्या आईला पुरलं तेव्हाही. तो कपडा तुझ्या टेबलाला चालत नाही, असं तू म्हण. तू म्हणालीस तर घालतो पँट.”

मकेरेता सुरई घेऊन आत गेली.

आजोबा आणि त्यांची बायको केलेरा आजी बाराव्या डेकवर गेले. तिथे ताट घेऊन रांगेत उभे राहायचे असते आणि कोणी काहीही घालून येते.

सोमवारी सहा वाजून दहा मिनिटांनी ते पुन्हा दारात होते. तोच सुलू, कडक इस्त्रीचा. “आज?” त्यांनी विचारले. “नाही, सर,” क्विल्टी साहेब म्हणाले. “ठीक आहे,” म्हणून आजोबा दाराच्या बाजूला झाले, पण गेले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘गुड ईव्हनिंग’ म्हणत वीस मिनिटे उभे राहिले आणि मग वर गेले.

मंगळवारीही तसेच. तोवर रांगेला त्यांची सवय झाली होती.

“आजोबा, आज तरी जमतंय का?”

“बघतो. साहेबांचा विचार चाललाय.”

“माझ्या नवऱ्याच्या पँटपेक्षा यांच्या सुलूची इस्त्री बरी आहे,” एक बाई क्विल्टी साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. तिचा नवरा खाली बघायला लागला.

त्याच मंगळवारी केलेरा आजींचा धीर संपला. त्यांचा पोशाख नियमात बसत होता. लांब झगा आणि खाली घोट्यापर्यंतचा सुलू. बायकांच्या पायांबद्दल पाटी काही म्हणत नाही.

“मकेरेताचे बाबा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही उभे राहा. तुम्हाला उभं राहायची हौस आहे. मला भूक आहे. माझ्या लेकीनं वाढलेलं मला खायचंय.”

“जा ना. मी कुठं अडवलंय?”

“सगळं अडवून बसलेत आणि म्हणे कुठं अडवलंय!” असे म्हणत त्या आत गेल्या. पाऊण तासाने परतल्या तेव्हा त्यांच्या हातरुमालात एक पाव होता. तो त्यांनी नवऱ्याच्या कोटाच्या खिशात कोंबला. “कोळंबी होती. नारळाच्या दुधातली. तुमच्या मुलीनं स्वतः आणून दिली. आता विचारू नका कशी होती.”

“कशी होती?”

“सांगणार नाही.”

बुधवारी जहाज नूमेया बंदराला लागले. त्या संध्याकाळीही ते आले. चार संध्याकाळी झाल्या आणि चार नकार. त्या रात्री माझी उसवलेली दुमड अखेर कोणाच्या तरी बुटात पुरती अडकली आणि मला दुरुस्तीला पाठवले गेले.

दुरुस्तीची खिडकी चौथ्या डेकवर आहे. तिथे नेनिता बसते. ती फिलिपीन्सची, इलोइलोची. जहाजावरचे सगळे तिला ‘आते’ म्हणतात. तिच्याकडे त्याचा अर्थ ताई. कमी बोलते, दातांनी दोरा तोडते. आम्हा बारा बहिणींपैकी ज्या सात तेव्हा उरल्या होत्या त्या तिच्यामुळे; बाकी पाच नंबर नव्या पँटींना मिळाले होते.

गुरुवारी जहाज दिवसभर समुद्रात होते. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीवर इलाइतिया आजोबा आले. हातात कोट आणि तुटलेले बटण.

“सुई मिळेल का?”

“प्रवाशांना सुई देत नाही. बटण ठेवून जा, मी लावते.”

“आते, मी चाळीस वर्षं कापड कापलं. माझं बटण दुसऱ्यानं लावलं तर माझी बायको महिनाभर हसेल.”

नेनिताने त्यांच्याकडे पाहिले. मग सुई दिली. त्यांनी चार टाके घातले, बटणाखाली दोऱ्याची मान गुंडाळली, गाठ आत लपवली. नेनिताने ते सगळे पाहिले आणि म्हणाली, “बसा.”

तेव्हा मी टेबलावर पडले होते. आजोबांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला उचलले आणि सवयीने उलटे केले. खिशाचे अस्तर चोळून पाहिले. मांडीची शिवण अंगठ्याने चाचपली.

“ही सुवाची आहे. वातुवाकाच्या शेडमधली. आम्ही खिशाच्या कोपऱ्यावर असा आडवा टाका घालायचो, बाकी कोणी घालत नाही.”

“तुम्ही कापली?”

“कापली असेन, नसेनही. एका वर्षाला आम्ही बारा हजार कापल्या.” त्यांनी मला पुन्हा सरळ केले. “साहेब रोज मला हीच दाखवतात. शिलाईबद्दल माझी तक्रार नाही.”

नेनिता माझी दुमड घालत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या कपाटातलं काहीही आत चालतं. तुम्हाला माहीत आहे?”

“म्हणजे?”

“मागे एकानं उसन्या पँटवरून भांडण काढलं. रंग उडालाय म्हणे, हिला मी नियमात धरत नाही. तेव्हा क्विल्टी साहेबांनी कपाटाच्या दारावर आतून कागद लावला. स्वतःच्या अक्षरात. ‘या कपाटातला नंबर असलेला प्रत्येक कपडा भोजनगृहात चालतो. वाद घालू नये.’”

 नेनिताने मशीन थांबवले.

“सुलू करायचा तर कापड किती आहे?” आजोबांनी विचारले.

“हिच्या पायांत आहे तेवढंच. पण आठ नंबरची चेन गेलीय आणि बूड झिजलंय. तिचे पाय चांगले आहेत.”

आजोबांनी कात्री उचलली. नेनिताने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

“कापायचं काम माझं. तुम्ही प्रवासी. तुम्ही कापलंत तर ती नासधूस. मी कापलं तर ती दुरुस्ती.”

“तुमच्यावर येईल.”

“येऊ दे. आतापर्यंत मी इथं फक्त दुमडी घातल्या,” ती म्हणाली. “तुम्ही खुणा करा.”

मित्रांनो, मला कोणी विचारले नाही. आठ नंबरलाही विचारले नाही. ती आणि मी एकाच थरातल्या नसलो तरी एकाच खोक्यातल्या होतो आणि अकरा वर्षे आमचे हूक शेजारी होते. तिचे पाय मांडीपासून वेगळे झाले तेव्हा कापडाचा जो आवाज होतो तो मी ऐकला. मग माझी पाळी आली. नेनिताने माझ्या मांडीची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. सुवामध्ये ज्या बाईने ती टीप मारली होती तिने ती पक्की मारली होती. उसवायला चाळीस मिनिटे लागली. मी उघडी पडले. पण मी मनाशी पक्के ठरवले की विरायचे नाही. एक धागाही सुटू द्यायचा नाही. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी मला एका माणसासमोर धरण्यात येत होते आणि रोज माझ्यामुळे तो परत जात होता. हे मला पुरे झाले होते.

आठ नंबरच्या पायांच्या दोन कळ्या, म्हणजे घेर वाढवणाऱ्या जोडपट्ट्या, झाल्या. एक पुढे आणि एक मागे. पुढची कळी आजोबांनी अशी बेतली की ती आडवी येऊन बाजूला पट्ट्याने बसावी. टीप नेनिताने मारली. कच्चे टाके आजोबांनी घातले. मध्ये ते एकमेकांशी भांडलेही.

“घेर जास्त होतोय.”

“चालायला लागेल ना माणसाला!”

“बहात्तर वर्षांचा माणूस किती लांब पावलं टाकणार?”

“दारातून टेबलापर्यंत,” आजोबा म्हणाले. “तेवढी टाकीन.”

खिसे माझे मूळचेच राहिले. कोपऱ्यावरचा आडवा टाकाही राहिला. आतल्या बाजूची नंबराची फीत नेनिताने काढली नाही. दुरुस्तीच्या वहीत तिने लिहिले : ‘सात नंबर. पायांची रचना बदलली.’ आणि खाली पूर्ण सही केली.

पँट असताना मी ‘आले, गेले’ म्हणत होते. सुलू झाल्यावर ‘आलो, गेलो’ म्हणायला हवे. पण अकरा वर्षांची सवय एका दिवसात जात नाही, तेव्हा तुम्ही सांभाळून घ्या.

गुरुवारी संध्याकाळी आजोबा नेहमीप्रमाणे दारात आले आणि नेहमीप्रमाणे परत गेले, कारण मला इस्त्री व्हायची होती. शुक्रवारी लाउतोका बंदर झाले. दुपारी नेनिताने मला वाफेची इस्त्री केली, हँगरला लावले आणि कपाटात सात नंबरच्या हुकावर अडकवले. ती कोणाशी बोलली नाही.

शुक्रवार ही कोटाची संध्याकाळ होती आणि शेवटचीही. सहा वाजून दहा मिनिटे. रांग लांब होती. बायकांच्या झग्यांची सळसळ, अत्तराचे वास. आजोबा आपल्या सुलूत, कोटात. शेजारी केलेरा आजी.

“आज?” आजोबांनी विचारले.

“सर, तुमच्याबद्दल मला आदर आहे,” क्विल्टी साहेब म्हणाले. “पण पाटी कालचीच आहे.”

“मग कपाटातलं द्या काही तरी.”

क्विल्टी साहेब थांबले. सहा दिवसांत हे वाक्य आजोबांच्या तोंडून आले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काही तरी आले. “नक्की, सर. काय देऊ?”

“सात नंबर.”

त्यांनी कपाट उघडले, मला काढले आणि पुढे धरले. मग त्यांनी मला थोडे वर केले. मग उलट बाजूने पाहिले. त्यांचा हात खाली आला आणि पँटचे पाय शोधू लागला. मला आजही तो हात आठवतो. तो चिडलेला नव्हता. अंधारात दिव्याचे बटण शोधतात तसा शोधत होता.

“हिचे पाय कुठे आहेत?” ते म्हणाले.

“आत जाताना मी माझे घेऊन जाईन,” आजोबा म्हणाले.

रांगेतल्या एका माणसाला इतके हसू आले की त्याच्या बायकोने त्याच्या पाठीत थापटले. क्विल्टी साहेबांनी आतली फीत पाहिली. सात. मग त्यांनी डोके वळवले आणि कपाटाच्या दारावरचा कागद वाचला. स्वतःचे अक्षर त्यांनी संथपणे वाचले, जणू ते दुसऱ्याचे होते.

“हे कोणी केलं?”

“मी,” नेनिता म्हणाली. ती रांगेच्या मागे उभी होती. शुक्रवारी या वेळी तिचे इथे काही काम नसते. “वहीत आहे. सही आहे.”

“आते, ही जहाजाची मालमत्ता आहे.”

“हो. आणि शिवलेली आहे. गुंडाळलेली नाही. बघा, खिसे आहेत.”

आतून मकेरेता आली होती. दाराच्या चौकटीपाशी थांबली. यावेळी हातात काही नव्हते.

क्विल्टी साहेबांनी माझ्या खिशात हात घालून पाहिला.  मग केलेरा आजी म्हणाल्या, “साहेब, आज कोळंबी आहे का?”

“आहे, मॅडम.”

“मग निर्णय लवकर करा. हे मला विचारून विचारून जीव घेतील.”

क्विल्टी साहेबांनी मला हँगरवरून काढले, घडी केली आणि दोन्ही हातांनी पुढे केले. “शेजारीच खोली आहे, सर.”

आजोबा खोलीत गेले. मला घातले. पट्टा बसवला. बाहेर आले तेव्हा त्यांनी स्वतःचा सुलू क्विल्टी साहेबांकडे दिला आणि साहेबांनी तो सात नंबरच्या हुकावर लावला. केलेरा आजींनी ते पाहिले. “छान! स्वतःचा कपाटात आणि कपाटातला अंगावर. सहा दिवसांचं फळ.”

“शिवलाय मी,” आजोबा म्हणाले.

“घेर जास्त आहे.”

दारापासून त्या टेबलापर्यंत बावीस पावले झाली. बाहेरून पाहणाऱ्याला आजोबा सरळ चालताना दिसले असतील. मी त्यांच्या गुडघ्यांवर होते. भांडून ठेवलेला सगळा घेर त्यांनी वापरला, शेवटच्या पावलापर्यंत. कपड्याला जे कळते ते डोळ्यांना कळत नाही.

मकेरेताने खुर्ची ओढली. “गुड ईव्हनिंग, सर,” ती म्हणाली, कारण तसे म्हणायचा नियम आहे.

“गुड ईव्हनिंग, मिस,” आजोबा म्हणाले.

तिने त्यांच्या मांडीवर रुमाल पसरला. पसरताना तिचा हात खिशाच्या कोपऱ्यावर, त्या आडव्या टाक्यावर, क्षणभर थांबला. मग ती सूप आणायला गेली.

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आजोबांनी मला इस्त्री करून परत केले आणि आपला सुलू घेतला. आठ वाजता जहाज सुवाला लागले. ते दोघे उतरले. मकेरेता कामावर होती. वरून हात केला.

आता मी नेनिताच्या खणात आहे. क्विल्टी साहेबांनी सिडनीच्या कचेरीला अहवाल पाठवला. त्यात काय लिहिले ते मी वाचलेले नाही, म्हणून सांगत नाही. निर्णय होईपर्यंत मला कपाटात लावू नये, असे उत्तर आले. नेनिताकडे लेखी खुलासा मागितला. तिने एकच वाक्य लिहिले : ‘कपडा दुरुस्त केला, आता जास्त माणसांना बसतो.’ कंपनीने ते पुरेसे मानले की नाही, कळलेले नाही. तिचा करार ऑगस्टमध्ये संपतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुने कपडे असतील. दुमड उसवली की लगेच सांगा, डाग पडला तर लपवू नका. झिजलेल्या कपड्यातही चांगले कापड शिल्लक असते. आठ नंबरचे होते. आणि तुमच्या दारात कधी कोणी निराळ्या पोशाखात आला, तर पाटी वाचून दाखवण्याआधी तो पोशाख हातात घेऊन पाहा. शिवण पाहा, खिसे पाहा. तो कोणी तरी विचार करून शिवलेला असतो आणि कोणी तरी विचार करून घातलेला असतो. मी तर परत त्या कपाटात जाणारच. मला कापून, उसवून, पुन्हा शिवले आहे. खणात पडून राहण्यासाठी एवढे कोणी सोसत नाही.

मंगळवारी सिडनीहून दोन नव्या काळ्या पँटी आल्या. क्विल्टी साहेबांनी स्वतः त्यांना नंबर घातले. एकीला आठ दिला. दुसरीला तेरा दिला, जो नंबर आधी नव्हता. सातचा हूक रिकामा आहे. का, ते त्यांनी अजून कोणाला सांगितलेले नाही.